पितराच्या पाटावर

वऱ्हाडात माणसाचं साल आखाजीला उलटतं. पंचांगातलं नवं वर्ष पाडव्याला लागतं ते लागो. शेतावरचा सालदार नवं घर धरतो तो अक्षय्य तृतीयेला, आणि जुन्यानं आपली वाकळ खांद्यावर टाकायची तीही त्याच दिवशी. अकोल्याच्या वखारीतली माझी खोली मला त्या आखाजीपर्यंतच होती. पुढे तिथं स्टेशनाजवळच्या, कापूस दाबायच्या नव्या वाफेच्या प्रेसचा मिस्तरी राहायला येणार होता.

वखारीचा शेठ वाईट माणूस नव्हता, हे आधीच लिहितो. त्यानं मला गादीजवळ बसवून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "मुकादम, काम संपलं म्हणून माणूस थोडाच संपतो? जिथं राहाल तिथं तुमची ज्वारी, डाळ, अंगावरचं कापड पोचतं करीन. माझ्यामागं माझा मुलगा करील. फक्त कुठं राहणार तेवढं आखाजीच्या आधी सांगा."

मी हात जोडले. माझ्यासारख्याला एवढं कोण विचारतं? डोळे भरून आले ते लपवायला बाहेर अंगणात आलो, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि मग ध्यानात आलं की शेठनं जे विचारलं त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

मी कोकणातला, खाडीकाठचा. पंतोजींनी जोडाक्षरं सुरू केली त्याच पावसाळ्यात वडील मचव्यासकट बुडाले आणि माझी शाळा सुटली. नंतरचं लिहिणं-वाचणं वखारीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं फावल्या वेळात शिकवलं, त्याचे उपकार आहेत. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर घाट चढून आलो तेव्हा वऱ्हाड निजामाचं होतं. नाणं वेगळं, चावडीवरची भाषा वेगळी, पाणी वेगळं. आई म्हणाली होती, "परदेशी चाललास." तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. मलाही पुढे कित्येक वर्षं असंच वाटायचं की आपण दुसऱ्याच्या ओटीवर बसलोय, घरधनी येईल आणि विचारील, कोण रे तू?

माझं काम बोदं भरून घेण्याचं. बोद म्हणजे माणूस उभा मावेल एवढं मोठं पोतं. ते आढ्याला टांगायचं, आत माणूस उतरायचा, वरून कापूस टाकायचा आणि आतल्यानं तो पायांनी तुडवत तुडवत स्वतःच वर यायचं. पहिली काही वर्षं मी आत होतो, मग बाहेर उभा राहून दुसऱ्यांना तुडवायला लावू लागलो. एवढीच माझी बढती. भुवयांत, नाकात, भाकरीत कापूस. आमचा कापूस गाड्यांतून घाटाकडे न्यायचा एक गाडीवान होता, बार्शीटाकळीचा शेतकरी. त्याच्याबरोबर मी कितीतरी खेपा केल्या. तो फार बोलायचा आणि मी ऐकायचो, म्हणून आमचं जमलं. अमेरिकेत लढाई लागली आणि इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा तो सोन्याची अंगठी घालून गाडी हाकायचा आणि म्हणायचा, "पाह्य बाप्पा, बैलाले माह्या बोटाची चमक दिसली पायजे." लढाई संपली, भाव बसले. त्याच सुमारास तो तापानं गेला. मग रेल्वे आली, वाफेची प्रेस आली, आणि पायांनी कापूस तुडवणारी माणसंही नकोशी झाली.

तर राहायचं कुठं?

कोकणात, हे पहिलं मनात यायचं. पण चांगले दिवस होते तेव्हा मी एकदा जाऊन आलो होतो. आई तोवर गेलेली होती. भावानं ओटीवर घोंगडी अंथरून दिली, पाहुण्याला देतात तशी. जेवायला बसलो आणि मी भाकरी मागितली. भावजय हसून म्हणाली, "भावोजी, भात खाऊन पोट नाही भरत वाटतं आता?" मी काही बोललो त्यात 'मले' आलं, तर ओटीवरची पोरं लोळून हसली. दुसऱ्या दिवशीपासून जो भेटे तो एकच विचारी, "परत कधी जाणार?" वाईट हेतूनं नव्हे. पाहुण्याला विचारायचं तेच विचारत होते. खाडीच्या पाण्याचा वास मात्र तोच होता. त्या वासाकडे तोंड करून मी बसायचो, आणि मला वखारीची आठवण यायची.

वखारीत ज्यानं त्यानं सल्ला दिला. मोर्शीकडे जा, तिकडे डोंगराची हवा. धामणगावला रेल्वे झालीय, वस्ती वाढणार. मी अमरावतीला गेलो, कारण तिथं शेठची दुसरी वखार होती आणि देवीचं देऊळ होतं. म्हाताऱ्यानं देवळाजवळ राहावं, असं आपलं मला वाटलं.

गावाच्या परकोटाच्या आत एका विधवा बाईच्या घरी खोली मिळत होती. खोली चांगली, कोनाडा मोठा, विहीर जवळ. बाई उभ्या अंगाची, करड्या आवाजाची. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बायकापोरं?"

"नाहीत."

"झाली नाहीत का गेली?"

"झालीच नाहीत."

"भाऊबंद?"

"कोकणात आहेत."

"थे काय कामाचे? कोकनातून येईपर्यंत..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग सरळच म्हणाली, "पाहा, मी तोंडावर बोलतो. तुमी साधे मानूस दिसता. पन उद्या तुमी मेले तं मी कोनाले सांगू? तेवढं एक नाव सांगा आन् खुशाल राहा."

मी विचार केला. शेठचं नाव सांगता आलं असतं. पण मी मेल्यावर शेठला सांगायचं ते एवढंच, की आता ज्वारी बंद करा. मी तिला म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, "करा विचार. चिवडा खाऊन जा." तिनं वाटीभर चिवडा आणि पाणी दिलं. मी ओट्यावर बसून तो सगळा खाल्ला, कारण टाकला असता तर तिला वाटलं असतं मी रागावलो. बदनेऱ्याला गाडीची वाट पाहत बसलो तेव्हा फलाटावर पुष्कळ माणसं होती. प्रत्येकाकडे बघून मला वाटत होतं, ह्याचं नाव कुणीतरी सांगू शकेल.

आखाजी तोंडावर आली आणि गाडीवानाचा मुलगा वखारीत आला. मिशा बापाच्या, बोलणं मात्र कमी. म्हणाला, "काका, आखाजीले आमच्या घरी जेवाले याजा. बाबाच्या नावानं पितर बसवाचं हाय. माय म्हने, तुमालेच बलाव."

ही इकडची रीत. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरायची आणि त्याच्या जागी जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालायचं. तेवढा वेळ तो माणूस म्हणजे गेलेला. मी इतकी वर्षं हे ऐकून, पाहून होतो. मला कुणी बसवलं मात्र नव्हतं. परमुलखातल्याला आपला आजा कोण करील?

मी हो म्हटलं, आणि त्याच क्षणी मनात एक लालूच शिरली. त्यांच्या घराला गोठ्याशेजारी एक पडवी होती, पूर्वी गाडीवान तिथं बैलांची जोती आणि दोर ठेवायचा. जेवण झाल्यावर, माणसं सैल बसली की, विचारावं. नाहीतरी खोली सोडायचीच होती. म्हणून मी माझं गाठोडं बरोबर घेतलं.

बार्शीटाकळीला पोचलो तेव्हा ऊन कडक होतं. गाठोडं दाराबाहेर भिंतीशी ठेवलं. सुनेनं पाय धुतले. कपाळाला गंध लावलं. घागरीवर आंबा ठेवलेला, शेजारी पाट, पाटापुढं पान. पुरणपोळी, कुरडई, आंब्याचा रस. गाडीवानाचा म्हातारा चुलता भिंतीला टेकून बसला होता. गाडीवानाची बायको समोर बसली, डोक्यावरचा पदर सारखा करत. एरवी ती मला भाऊजी म्हणायची. आज म्हणाली नाही.

"जेवा," ती म्हणाली. मग वाढता वाढता ती मला सगळं सांगू लागली, म्हणजे त्याला. "कबरा बैल इकला पोरानं. रागावू नोका त्याले, पायानं अधू झाला होता. नाल्याकडचं वावर तसंच हाय. तुमी लावलेला लिंब वर आला. लेकीले दुसरं पोरगं झालं, तुमचंच नाक हाय, बिचाऱ्याले." चुलता हसला. तीही हसली, आणि डोळ्यांना पदर लावून पुन्हा रस वाढू लागली.

पितरानं बोलायचं नसतं. खाली मान घालून पोटभर जेवायचं, तृप्त झालो असं हातानं दाखवायचं, विडा घ्यायचा आणि निघायचं. हे मला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. घरातलं, जवळचं, तक्रार आणि माया एकाच वाटीत. मी ऐकत होतो तसतसं मला वाटायला लागलं की हे माझ्याशीच चाललंय. ती म्हणाली, "आनखी काय पायजे, सांगा." ते विचारायची रीत असते. मी मान वर केली आणि म्हणालो,

"मला इथंच राहायचंय."

तिच्या हातातला रसाचा डाव तसाच राहिला. सुनेनं लेकराला छातीशी ओढलं. मग चुलता भिंतीपासून पुढं सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वासना राह्यली. पितर घरात राह्यतो म्हन्ते."

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. पाटावर बसून बोललो होतो. मी सांगू लागलो असतो की नाही हो, हे माझं मागणं, तर दुसऱ्यांदा बोलणं झालं असतं. मी तोंड मिटलं. तृप्त झाल्याची खूण केली, पण ती कुणाला पटली असेल असं वाटत नाही. तिनं विडा दिला. मुलगा मला पोचवायला वेशीपर्यंत आला, माझं गाठोडं त्यानंच उचललं होतं. वेशीवर त्यानं ते माझ्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला, आणि मागं न पाहता गेला. पितराला असंच पोचवतात.

अकोल्याचा रस्ता मोकळा होता. आखाजीला रस्त्यावर कोण असणार? दोन्ही बाजूंना काळी रानं नांगरून पडलेली, भेगाळलेली. मला सारखं वाटत होतं की मी आपली जागा तर घालवलीच, पण त्या बाईच्या नवऱ्यालाही अस्वस्थ करून आलो. वखारीत पोचलो तर माझ्या खोलीत मिस्तरीची लोखंडी पेटी आलेली होती. त्यानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, कुणाला नाही, आणि बाहेरच्या ओट्यावर गाठोडं ठेवून बसलो.

सकाळी गाडीवानाचा मुलगा तिथंच आला. बैलगाडी घेऊन आला होता. खाली उतरला नाही, गाडीवरूनच विचारलं.

"काका, मायनं इचारलं, काल कोन बोललं? बाबा बोलले का तुमी?"

बाबा बोलले म्हणालो असतो तर ब्राह्मणाला बोलावून शांती करावी लागली असती, पण माझा मान राहिला असता. मी बोललो असं म्हटलं तर काय होईल ते मला दिसत नव्हतं.

"मी बोललो," मी म्हणालो. "मले राहाले जागा नाही."

त्यानं मान हलवली. "मायले तेच वाटून राह्यलं होतं. म्हने, तुहा बाप कवा घरी राह्यला? जिता असतानी राह्यला नाही, तं आता कावून राह्यन? थो बोलला असता तं 'निंगतो' म्हनला असता." मग सरकून त्यानं गाडीत जागा केली. "पडवी झाडून ठेवली हाय. बसा."

शेठला निरोप ठेवला. ज्वारी तेव्हापासून बार्शीटाकळीला येते.

पडवीत दोरखंडाचा वास आहे, खाडीचा नाही. ही माणसं चांगली आहेत, मला भाकरी गरम देतात. तरी संध्याकाळी सगळे आत बोलत बसले की मी बाहेरच बसतो. आत गेलो तर ती सरकून जागा करतात, आणि ते सरकणंच मला नको वाटतं. आखाजीला मला आता पाटावर बसवता येत नाही. घरात राहणारा माणूस पितर होत नसतो. बाहेरून दुसऱ्याला आणतात, कधी एखादा बैरागी, कधी रेल्वेच्या कामावरचा कुणी परका. त्याच्या पायांवर पाणी मी घालतो. तो खाली मान घालून जेवतो, ती त्याला सगळं सांगते. मागच्या खेपेला तिनं सांगितलं, "तुमचा दोस्त पडवीत राह्यते. खोकते लय. बरा हाय."

मी दारात तांब्या घेऊन उभा होतो. अमरावतीच्या त्या बाईला जाऊन सांगावं असं मनात आलं, की मी मेलो तर कुणाला सांगायचं, त्याला आता नाव आहे. पण तिनं ती खोली एव्हाना दुसऱ्या कुणाला दिली असेल, आणि तिला काय आठवतंय. जेवण झालं. तो परका माणूस विडा घेऊन उठला, आणि वेशीपर्यंत त्याला पोचवायला मी गेलो.