एक दिवसाआड

शालूबाईचं दुखणं साडेनऊला येतं. आधी डाव्या डोळ्याच्या मागे टाचणीएवढी जागा टोचू लागते, मग तिथूनच कुणी तापलेला खिळा बाहेर ठोकू लागतं. डोळा लाल होऊन गळतो, त्याच बाजूची नाकपुडी वाहते. झोपवत नाही, बसवत नाही. तासाभराने सगळं एकदम थांबतं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेनऊ.

भाद्रपदात सुरू होतं, दिवाळीच्या पुढेमागे सरतं. सहा वर्षं झाली.

बीबी गावाजवळ त्यांचं दहा गुंठ्यांचं, हिरव्या जाळीचं शेडनेट आहे. त्यात बियाण्याची मिरची. आदल्या दुपारी चिमट्याने कळी उघडून आतले नर तंतू काढायचे, सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. आठ ते अकरा हेच काम. ऊन तापलं की फूल पराग घेत नाही. मधमाशी शिरू नये म्हणून नेटला एकामागे एक दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दुखण्याच्या दिवशी शालूबाई दोन्ही लावून घ्यायची आणि हिरव्या उजेडात ओळींमधून येरझारा घालायची. बाहेर पडलं तर लोक बघणार, आत राहिलं तर भिंती नाहीत आणि तरी कोंडलेलं.

सासू गोजरबाईने पहिल्याच वर्षी निकाल दिला होता, "एकाडएक येते म्हणजे एकांतराच." मग भल्या पहाटे कुणाशी न बोलता बाभळीला दोरा बांधून झाला. कुणी अर्धशिशी म्हटलं, तेव्हा सूर्य उगवायच्या आत दुधात भिजवलेली जिलेबी खाऊन झाली. या वर्षी नवरा नारायणराव तिला जालन्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, तारखा लिहून घेतल्या.

"क्लस्टर हेडेक म्हणतात याला. पण तो बहुतेकांना रोज येतो, पुष्कळदा झोपेतून उठवतो. सकाळी, एक दिवसाआड, असा मी पाहिला नाही. तरी आहे तोच."

नावापेक्षा त्या 'आहे'ने शालूबाईला रडू आलं. गोळ्या रोज घ्यायच्या, दहा-पंधरा दिवसांत फरक पडेल, असं त्याने सांगितलं.

त्याच आठवड्यात अमडापूरचं स्थळ आलं. मुलगा ऋत्विक, चिखलीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. शालूबाईच्या पूनमला, एकुलत्या लेकीला, तो फोटोतच आवडला होता. शालूबाईने बोटांवर दिवस मोजून रविवार ठरवला. रविवार मोकळा होता.

"डोक्याचं दुखणं म्हटलं का लोक डोकंच फिरलं म्हणतात," गोजरबाईने बजावलं. "पोरीले घरात कोण घेईन?"

शनिवारी संध्याकाळी फोन आला. रविवारी कॉलेजात परीक्षा, मुलाला सुट्टी नाही, सोमवारी सकाळी नऊला येतो. सोमवार दुखण्याचा होता.

"तू नेटमधीच राह्य," गोजरबाई म्हणाली. "मी सांगीन, फुलं थांबत नाई म्हणून."

सोमवारी पाहुणे पोहे खात असताना शालूबाई आत होती. टाचणी टोचली तसा तिने केसांचा चाप काढून फेकला. त्याचासुद्धा भार होत होता. लोखंडी पाइपला कपाळ टेकवून ती डोलू लागली, घशातून घुमल्यासारखा आवाज येत राहिला. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

"आमच्याकडं नेट नाई हो, दाखवा तरी!" ऋत्विकच्या आईचा, मंजुळाबाईचा आवाज.

"आत फवारा मारला हाये," नारायणराव म्हणत होता. "वास लागते."

"वासाले काय भ्यायचं? शेतातल्याच बाया आपण."

दुसरं दार उघडलं. मंजुळाबाई दोन पावलं आत आली आणि थबकली. मोकळे केस, रक्तासारखा डोळा, घुमणारी बाई. तिने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"आई, कोणची हायेस तू? कोणत्या ठाण्याची?"

"जाय," शालूबाई कशीबशी बोलली. "जाय इथून."

"जातो आई, जातो. येवढंच सांग. ह्या घरची पोरगी घरात घेऊ का?"

शालूबाईला फक्त ती बाई समोरून जायला हवी होती.

"घे. घे आन जाय!"

मंजुळाबाई ओल्या मातीत पालथी पडली, पायाला डोकं लावून उठली. नेटमधून घरात परतून तिने पूनमच्या ओटीत नारळ घातला आणि चहा घेता घेता हळूच विचारलं, "दिवस कोणता असते बाईच्या अंगात यायचा?"

गोजरबाई जराही अडखळली नाही. "एक दिवसाआड. साडेनऊले."

"वेळेची पक्की हाये! पुढच्या मंगळवारी बहिणीले घेऊन येतो. तिच्या सुनेले मूल नाई. देवीचाच वार हाये."

गोजरबाईने पदराआड बोटं मोजली. मंगळवार बरोबर येत होता.

पाहुणे गेल्यावर शालूबाई म्हणाली, "मी फोन करते त्याइले. दुखणं हाय म्हणून सांगते."

"सांग ना," नारायणराव म्हणाला. "दुखण्याले कोणी नारळ फोडते का? परत घेऊन जाईन थे आपला नारळ."

"आई, तू गोळ्या घे," पूनम म्हणाली. "मोडलं तं मोडलं." तिच्या हातातल्या फोनवर ऋत्विकचं नाव उजळलं होतं. तिने फोन पालथा केला.

गोळ्या बंद कर, असं शालूबाईला कुणी सांगितलं नाही. पाच झाल्या होत्या. सहावी तिने घेतली नाही.

बुधवारी दुखणं आलं, पण पाऊण तासात गेलं. शुक्रवारी त्याहून कमी. रविवारी ते दहा मिनिटं उशिरा आलं आणि डोळा नीट लाल व्हायच्या आत ओसरलं. पोटात गेलेल्या गोळ्या काम करत असतील, की मोसमच लवकर सरत होता, तिला कळेना. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळू लागलं होतं. ती घाबरली. पाट्यावर वाटण वाटताना, कळ्या उघडताना, ती डाव्या डोळ्यामागच्या जागेकडे कान देऊन असायची.

मंगळवारी मंजुळाबाई बहिणीला घेऊन आली. दोन दारांमधल्या अरुंद जागेत दोघी पाट टाकून बसल्या, पुढ्यात लिंबू-नारळ. जाळीतून त्यांची लुगडी दिसत होती. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. गोजरबाई बाहेर उगाच खाकरली.

शालूबाई पाइपपाशी उभी होती. डोकं स्वच्छ होतं. पांढरी फुलं, देठांचे दोरे, पानावरची एक मुंगीसुद्धा तिला दिसत होती. चाप काढून तिने केस मोकळे सोडले. नुसतं घुमायचं तर होतं, आवाज तिला पाठ होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. देवीच्या नावाने खोटं घुमायला तिची जीभ रेटेना.

"आज आई रुसली का काय?" बहीण कुजबुजली.

"आपलंच काही चुकलं असंल," मंजुळाबाई म्हणाली. "नाईतं मागल्या वेळी दुसरंच काही असंल."

शालूबाईने डोळे मिटले आणि ये म्हणाली. मनातल्या मनात, हात न जोडता, ये म्हणाली.

दहाला चार मिनिटं असताना टोचलं. बारीक, ओळखीचं, नेमक्या जागी. मग खोल गेलं, या आठवड्यात गेलं नव्हतं तेवढं. तिच्या छातीतून मोठा श्वास सुटला, बाजारातून पोर सुखरूप घरी आल्यावर सुटतो तसा. तिने पाइप दोन्ही हातांनी धरला.

दार उघडलं. चपला काढल्याचा आवाज आला.

"आई," बहिणीने विचारलं, "माझी सून कवा भरल्या ओटीची होईन?"

दोघी वाट पाहत राहिल्या.