पावलातलं पाणी निवळेपर्यंत

संध्याकाळी जवारीच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात, आम्ही दोघं नाकतोडे धरत होतो. ऊन कललं होतं, गवतात गारवा उतरत होता... अशा वेळी नाकतोडा जड होतो, लांब उडी मारत नाही. शेवंता वाकून त्याच्यावर ओंजळ झाकायची आणि मी वाळक्या भोपळ्याच्या तुंब्याचं तोंड पुढं धरायचो. एक माझ्या बोटांतून निसटला.

"जैनथवाल्या, म्हतारा झाला तरी तुले नाकतोडा धरता आला नाई," ती म्हणाली.

चारचौघांत ती मला अवो-जावो करायची. धुऱ्यावर आणि ओढ्यावर मी जैनथवाल्याच. तुंब्याला गवताचा बोळा लावून तिनं तो खुंटीला टांगला. सकाळी मासोळीला जायचं होतं. त्या रात्री ती निजली ती उठलीच नाही. मला फिरवून सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो.

शेवंता माझ्या मामाची पोरगी. माझं गाव जैनथकडचं — काळी जमीन, कापूस, आणि पैनगंगेचं रुंद, गढूळ, आळशी पाणी. मामाचं गाव बेज्जूरच्या जंगलाला लागून. दिवाळीच्या सुट्टीत आई मला तिथं नेऊन सोडायची. पहाटे अंगणात ओल्या पाचोळ्याचा, शेणसड्याचा आणि चुलीच्या धुराचा वास एकमेकांत मिसळून यायचा, आणि त्या वासामागून, टेकडीवरून उतरणाऱ्या ओढ्याचा आवाज... अजूनही तो आवाज कानी आला की आधी नाकाला धूर लागतो.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. पैनगंगेवर करतात तसा गरीच्या दोरीला दगड बांधला आणि धपकन पाण्यात फेकला. काचेसारखं पाणी, तळाचा गोटा न् गोटा दिसणारं — त्यात क्षणात एक मासोळी उरली नाही.

"मासे मारून राह्यला का आंबे पाडून राह्यला?" शेवंता खडकावरून म्हणाली. माझ्याएवढीच होती, पण लुगडं नेसलेल्या बाईसारखी बोलायची. तिनं दगड सोडला, गरीला जिता नाकतोडा लावला, आणि उन्हाकडं तोंड करून उभी राहिली. "सावली मागं पडली पायजे. पाण्यावर पडली का गेलंच मंग." नाकतोडा नुसता वाहू दिला, पाय झाडत झाडत, खडकाच्या आडोशाला जिथं धार मंदावते तिथपर्यंत. पाणी किंचित फुगलं... आणि चांदीचा एक लखलखाट तिच्या हातात आला. तो लखलखाट मी विसरलो नाही. त्या पोरीचं तोंडही नाही.

पण खरं कौतुक वेगळंच. ती ओढ्यात एकदम कधी उतरली नाही. काठाच्या वर थांबायची, वानरं काय बोलतात ते ऐकायची, मग ओल्या रेतीकडं बघायची, आणि हाक द्यायची — "आमी उतरून राह्यलो हो." मी हसायचो. कुणाला सांगते ही?

एका सकाळी तिनं हात आडवा धरून मला अडवलं. रेतीत पाऊल होतं — लहान पोराच्या पावलासारखं, पुढं नखांच्या खोचा. त्यात पाणी झिरपून आलं होतं आणि ते अजून गढूळ होतं.

"पाणी निवळलं नाई. आत्ताच गेलं हाये."

आम्ही खडकावर बसलो. थोड्या वेळानं पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून अस्वल निघालं, पाठीवर पिल्लू घेऊन, आणि घुरघुरत टेकडी चढून गेलं. माझे दात वाजत होते.

"काऊन थरथरून राह्यला? ते पयले आले होते, त्याईचं होऊ दे," ती म्हणाली, घरच्या पाहुण्यांबद्दल बोलावं तशी.

मामाला पोरगा नव्हता. आमचं लग्न झालं आणि मी घरजावई म्हणून तिथंच राहिलो. लोकांनी नावं ठेवली, ठेवोत. उभा जन्म ओढ्यावर ती पुढं, मी मागं. तिनं रेती बघायची, मी गरी टाकायची. मी खाली कधी बघितलंच नाही... तिचे डोळे असताना मला काय गरज होती?

ती उठली नाही त्या दिवशी दुपारी तिला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरच्या तुंब्यात खुडबुड ऐकू आली. नाकतोडे जिते होते. मी तुंबा काढला.

"बाबा, कुठी निघाले? सुतक हाये," आमचा पोरगा म्हणाला.

"गरी घेतली का मी? पाह्य बरं."

नाकतोडे धुऱ्यावर सोडले असते तरी चाललं असतं. पाय ओढ्याकडं गेले. काठावर येऊन मी थांबलो, आणि थांबूनच राहिलो — सवयीनं, ती आधी बघेल म्हणून. पुढं कुणी नव्हतं. परत फिरावं वाटलं. फिरलो असतो तर पुन्हा कधी आलो नसतो, हे मला कळत होतं.

मग मी वाकलो. नजर अधू आहे, गुडघे टेकावे लागले. रेतीत पाऊल होतं. अस्वलाचंच असावं; नखं नीट दिसली नाहीत. पाणी मात्र दिसलं. गढूळ होतं.

"आमी उतरून राह्यलो हो," मी म्हणालो.

उन्हाकडं तोंड करून, सावली मागं टाकून, मी खडकावर बसून राहिलो. गाळ हळूहळू खाली बसत गेला. पावलात आभाळ दिसायला लागलं. तेव्हा उठलो, बोळा काढला, तुंबा गवतात आडवा ठेवला, आणि ओढ्यात उतरून तोंड धुतलं.