उज्ज्वलची गाडी

जयप्रकाशकाकांना उज्ज्वल वानखेडे फारसा कळला होता, असं म्हणता येणार नाही. बहारीनमधल्या मोटरसायकलींच्या एका शोरूममध्ये काका वरच्या मजल्यावर अकाउंटंट, तो खाली वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. अकरा वर्षांत काका त्याच्या खोलीवर एकदाही गेले नाहीत. तो वर्ध्याकडचा, एवढं ठाऊक. आणि विल्काती नावाच्या इटालियन रेसरचं त्याला वेड होतं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक.

विल्काती गॅरेजवाल्याचा मुलगा. तीनदा जगज्जेता झालेला, मांडीचं हाड मोडल्यावर सातव्या आठवड्यात पुन्हा शर्यतीत उतरलेला. निवृत्त होऊन आता तो स्वतःच्या नावाची अत्तरं विकत फिरत होता, तरी जाईल तिथं गर्दी लोटायची. ज्या गाडीवर त्यानं पहिली शर्यत जिंकली, तशीच एक गाडी उज्ज्वलला भंगारात मिळाली. तीन वर्षं शुक्रवारची सुट्टी खर्चून त्यानं ती उभी केली. विल्कातीनं ती एकदा बघावी आणि कशी झालीय ते तोंडावर सांगावं, एवढंच त्याला हवं होतं.

तसा योग आला. शोरूमनं विल्कातीला अमवाज बेटावरच्या एका हॉटेलात कार्यक्रमाला बोलावलं आणि मॅनेजर मयुरेशनं उज्ज्वलची गाडी सजावटीला मागून घेतली. पाहुण्यांची यादी काकांकडे होती. उज्ज्वल वर येऊन दारातच उभा राहिला.

"काका, माझं नाव घेऊन टाका ना यादीत."

काका हो म्हणाले. पण वर्कशॉपच्या माणसाचं नाव आजवर कधी यादीत गेलं नव्हतं. मयुरेशला विचारावं लागलं असतं, आणि मुलाच्या वयाच्या साहेबापुढे काकांची जीभ उचलेना. नाव राहिलं.

कार्यक्रमाला उज्ज्वल कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि दोरीबाहेर अडवला गेला. आत चांगले शिकलेसवरलेले लोक सेल्फीसाठी एकमेकांना कोपरं मारत होते. कुणीतरी विल्कातीच्या डोक्यावर पगडी चढवली. तो पगडीसकट अत्तर उडवत हिंडत होता. त्या गोडसर वासामुळे काकांनी नाकाला रुमाल लावला. मग विल्काती गाडीपाशी थांबला, वाकून इंजिन बघितलं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं.

"आमच्या टीमनं," मयुरेश म्हणाला.

काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. दोरीपलीकडून उज्ज्वल त्यांच्याकडेच बघत होता. काकांनी हातातला अख्खा समोसा तोंडात कोंबला. विल्कातीनं टाकीवर मार्करनं भलीमोठी सही ठोकली, टाळ्या झाल्या.

काकांना मयुरेशची किळस येते, त्या अत्तराची येते. पण त्या समोशाच्या घासाची सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलनं थिनरचं फडकं घेऊन ती सही पुसून टाकली. मयुरेशनं आरडाओरडा केला. गाडी माझी आहे, एवढंच तो म्हणाला, आणि महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. निघताना शेवटच्या पगाराच्या हिशेबाचा कागद न्यायला तो वर आला. माफी कशी मागायची ते काका सकाळपासून जुळवत होते.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं.

"नको काका, खाली टॅक्सी थांबलीय."

"बरं. या कागदाची एक कॉपी काढून ठेव."

"ठेवतो."