अक्कांनी सोडवलेले उपास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूरहून भाच्याचा फोन आला. "मामी, आई गेली..." एवढंच बोलला. चहा पिता पिताच अक्कांचा जीव गेला होता. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. नणंद म्हटलं की बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मी मात्र आज धडधाकट आहे ती या नणंदेमुळं.

औरंगपुऱ्यात आमचं साड्यांचं दुकान. सकाळी नुसत्या चहावर गल्ल्यावर बसायचं, डबा उघडायचा तो दुपार कलल्यावर. त्यात सोमवार, चतुर्थी आणि सासूबाईंनी माझ्या ओटीत घातलेले नवरात्राचे नऊ उपास. दिवसभर पोटात काही नाही आणि दिवेलागणीला तळलेले साबुदाणावडे, वर शेंगदाण्याची आमटी... बसून बसून अंग सुटलेलं, ते वेगळंच. एका नवरात्रात झटक्यात वजन उतरलं म्हणून मी मिरवलेही होते!

त्याच नवरात्रात अक्का घरी आल्या होत्या. वडे खाऊन मी उजव्या बरगडीखाली हात दाबून ओट्याला टेकले. कळ पार खांद्यापर्यंत जात होती. गॅस असेल म्हणून सोडा घेतला, तो त्यांनी हातातून काढून मोरीत ओतला. हे दुखणं त्यांनी स्वतः भोगलं होतं. "चप्पल घाल," म्हणाल्या आणि रिक्षात बसवून दवाखान्यात घेऊन गेल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, वाढलेलं वजन, दिवसभराची बैठक, तासन्‌तास उपाशी राहून मग एकदम तेलकट खाणं, भराभर वजन उतरवणं, यानं खड्यांचा धोका वाढतो. ऑपरेशन झालं, मी सुटले. पण ते नऊ उपास कसे सोडायचे? सासूबाई गेलेल्या, विचारायचं कुणाला? देवी कोपून घरावर काही आलं तर?

पुढच्या वर्षी घट बसवायला अक्का आपणहून हजर. घटापुढं बसून देवीला मोठ्यानं म्हणाल्या, "आई, हिचं आजपासून उठता-बसता. राग आला तर माझ्यावर काढ. माझी लेकरं मोठी झाली, हिची लहान हायत." म्हणजे पहिला आणि शेवटचा, असे दोनच उपास, तेही दूध-फळं घेऊन. मग माझ्याकडं वळून बजावलं, दुकानात जायच्या आधी भाकरी खाऊनच बाहेर पडायचं. तेव्हापासून मी तसंच करत आले.

अक्का गेल्या आणि चुलतसासूबाईंनी कुजबुज सुरू केली, की उपास मोडले ते अक्कांना भोवले. अहो, ऐंशीच्या घरातली बाई चहा पिता पिता गेली, याला भोवणं म्हणायचं? मला भयंकर राग आला. पण माझी सून घाबरली. नुकतीच बाळंतपणातून उठलेली पोरगी ती. यंदा घट बसले तशी म्हणाली, नऊही दिवस मी धरते.

मी तिच्यापुढं गरम भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली आणि घटाकडं वळले. "आई," म्हटलं, "अक्का होत्या तोवर त्यांनी निभावलं. आता हिच्या वाटचा राग माझ्या नावावर धर."

सुनेनं भाकरी मोडली.