तीन खोल्यांचं वायफाय

अर्चना मूळची एरंडोलची. लग्न करून इकडे आली आणि तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं पॅकिंगला होती. छातीतली घरघर थांबेना तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे पाहून एवढंच विचारलं, "दुसरं काही काम करता येईल का?" नवरा भगवंत कंत्राटी कामगार. काम असलं तर असलं, नाहीतर घरी.

बऱ्याच खटपटीनंतर तिला मुंबईतल्या एका लॅबचं काम मिळालं. घरबसल्या रुग्णांना फोन लावायचे आणि रक्त घ्यायला माणूस कधी पाठवायचा ते ठरवायचं. अट एकच होती, घरात वायरचं इंटरनेट हवं. उमरोळीच्या त्या पत्र्याच्या चाळीत मोबाइलला रेंज मिळायची ती दारात उभं राहिलं तरच.

मोठ्या कंपनीच्या माणसाने सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले. स्टेशनजवळचा केबलवाला धीरज महिन्याच्या महिन्याला घ्यायला तयार होता, पण त्याचा सर्वांत स्वस्त प्लॅनही तिला एकटीला झेपण्यातला नव्हता. म्हणून तिने शेजारच्या दोन खोल्यांना भागीदारीत घेतलं. एकीत हिना राहायची. ती दिवसभर कारखान्यात असे, तिला नेट लागायचं ते संध्याकाळी. दुसरीत सोजराबाई, चिंचणीच्या. नवरा वारल्यावर दिरांशी पटेना म्हणून इथे येऊन राहिलेल्या. सकाळी बाजारात सुकी मासळी विकायच्या, दुपारी घरी यायच्या. एकुलता एक मुलगा अंकुश मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाजाच्या वायफायवरूनच त्याला फोन करता येई.

"म्हंजे मी रिचार्ज नाय मारला तरी त्याचा फोन येल?" त्यांनी विचारलं.

"येईल, मावशी. आपलं नेट आहे ना."

दोन महिने बरे गेले. मग लॅबने काम वाढवलं आणि दुपारी अर्चनाचा आवाज तुटायला लागला. पत्र्याच्या भिंतीपलीकडे तेव्हाच सोजराबाईंचा व्हिडिओ कॉल चाललेला असे. "जेवलास का? काय होतं जेवायला?" सगळं स्पष्ट ऐकू यायचं.

"मावशी, संध्याकाळी नाही का बोलता येणार त्याच्याशी?"

"तवा त्याची ड्युटी असते. याच वक्ताला मोकला असतो तो."

लॅबच्या मॅडमनी बजावलं, आणखी एक तक्रार आली तर काम दुसऱ्याला देऊ. त्या सोमवारी अर्चनाने पासवर्ड बदलला. संध्याकाळी हिनाला नवा सांगितला. सोजराबाईंना सांगितला नाही. जरा काम सुरळीत होऊ दे, मग सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सोजराबाई फोन घेऊन दारात आल्या. "बघ ना, पोराचा फोन येत नाय. बिघडला का हा?"

अर्चनाने हेडफोन कानावरून काढला नाही. "लाइनच खराब आहे, मावशी. येईल."

अकराव्या दिवशी चिंचणीहून अंकुशचा चुलतभाऊ मोटारसायकलवर आला. जहाज परदेशी बंदरात उभं असताना अंकुश मालाच्या खणात पडला होता. जागच्या जागीच गेला. रडता रडता तो भाऊ म्हणाला, "मला चार दिवस मेसेज करीत होता. आईचा फोन लागत नाय, उमरोलीला जाऊन बघ. मला जायला नाय जमलं." सोजराबाई हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. दाराशी जमलेल्या बायकांमध्ये अर्चनाही होती.

अंकुशला घरी आणायला अठरा दिवस लागले. दिवसकार्य झाल्यावर अर्चना सोजराबाईंच्या खोलीत गेली.

"मावशी, फोन बिघडला नव्हता. मी पासवर्ड बदलला होता."

त्यांना पासवर्ड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तेही तिलाच समजावून सांगावं लागलं.

"म्हंजे कुलूप," त्या म्हणाल्या. "तू लावलंस?"

"हो."

त्यांनी फोन उचलून फळीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस, तर मी रिचार्ज मारला असता."

महिना संपायच्या आत त्या आपल्या सख्ख्या भावाकडे चिंचणीला निघून गेल्या.

अर्चनाने भगवंतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असं होईल हे तुला काय माहीत?"

"त्याचा फोन येतो हे तर माहीत होतं."

काम टिकलं. आता सोजराबाईंच्या खोलीचा वाटाही तीच भरते आणि दुपारी आवाज तुटत नाही. दिवाळीनंतर एकदा ती चिंचणीला जाऊन आली. सोजराबाईंनी ओट्यावर बसवलं, चहा दिला, छातीचं कसं आहे म्हणून विचारलं. बोंबील यंदा कमीच आल्याचं सांगितलं. ती उठली तेव्हा पुन्हा ये असं काही म्हणाल्या नाहीत.