ओळखता आलं नाही

कंपनी विकली गेली त्या दिवशी पुण्याच्या ऑफिसात केक कापला गेला. पुढच्याच महिन्यात नव्या मालकांनी कावेरीनं इतकी वर्षं रक्त आटवून उभं केलेलं सॉफ्टवेअर बंद करून टाकलं. त्यांना फक्त गिऱ्हाइकं हवी होती. कावेरीच्या वाट्याला शेअर्सचे इतके पैसे आले की जन्मभर बसून खाल्लं तरी सरू नयेत. बसून खायचं, याचीच तिला चीड आली. त्या चिडीतच ती मानवतला वडिलांकडे निघून आली.

इथं चीड आणखी वाढली. वडील दिनकरराव शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे रोज कुणी ना कुणी हजर. कुणी म्हणे सभामंडप बांधा, कुणी म्हणे निवडणुकीला उभ्या राहा, कुणी थेट शाल-नारळ घेऊनच आलेला.

“मी काय केलं म्हणून सत्कार?” तिनं एकाला विचारलं.

“ताई, एवढं कमावलंत की!”

तिनं नारळ त्याच्या हातात परत कोंबला आणि दार लावून घेतलं. दिनकररावांनी त्यावरून तिच्याशी अबोला धरला.

त्याच सुमारास एका दुपारी चांगुणाबाई ओट्यावर येऊन बसली. ही त्यांच्याच गल्लीतली. कावेरीची आई गेल्यावर शाळेत जाताना तिच्या वेण्या हीच घालायची. वीसेक वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडत होती. आज तिच्या अंगाची नुसती लाही होत होती.

“कावे, तू काम्पुटरवाली हायस ना? मग मला सांग, मी हाय का न्हाई?”

“म्हणजे काय मावशी?”

“जिनिंगात हजेरीचं नवं मशीन बसवलंय. त्याला तोंड दाखवायचं. मग ते म्हणतंय, डोळे मिचकवा. आता माझा ह्यो डोळा मिटतच न्हाई, तुला ठावं हाय.” तिच्या तोंडावरून वारं गेलेलं, तेव्हापासून उजवी बाजू ओढलेली होती. “मी दिसभर राबायलेय, अन् ते म्हणायलंय गैरहजर. मुकादम म्हणतो, मशीनच म्हणायलंय, मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरी तिच्याबरोबर जिनिंगच्या फाटकावर गेली. भिंतीवर टांगलेल्या मोबाइलसमोर बायांची रांग लागली होती. रुईचे तंतू जाऊन डोळे सुजलेल्या दोघी-तिघी पुन्हा पुन्हा मिचकावत होत्या. चांगुणाबाईनं तोंड पुढं केलं. डावा डोळा मिटला, उजवा उघडाच राहिला. पडद्यावर लाल अक्षरं आली : गैरहजर.

कावेरी तडक मालकाच्या केबिनमध्ये शिरली. हरिओमशेठ शांतपणे म्हणाले, “ताई, मशीनला ना नातं, ना गोतं. पूर्वी एकीची हजेरी दुसरी लावायची, ते बंद झालं. आणि तुम्हाला एवढाच कळवळा असेल तर म्हातारीला तुम्हीच दरमहा देत जा. तुम्हाला काय कमी आहे?”

कावेरी बोलायच्या आधीच दारातून चांगुणाबाई कडाडली, “हिचं मी कामून घेऊ? मी भीक मागाय आले का? कामावर आले मी! आले म्हणा!”

शेठनी फाइल उघडली. बोलणं संपलं होतं.

घरी येऊन कावेरीनं ते ॲप कुणाचं ते पाहिलं आणि तिचं डोकं सणकलं. कंपनी शंतनुची होती. एके काळी पुण्यात तो तिच्याच हाताखाली काम शिकला होता. तिनं फोन लावून सगळं सांगितलं.

“अशी केस हजारात एखादी असते, कावेरीताई,” तो म्हणाला. “बघू पुढच्या वेळी.”

“ती एखादी माझ्या गल्लीत राहते. तुझ्या मशीनला तिला ओळखता आलं नाही ना? मग तसं म्हण! गैरहजर कशी म्हणतोस? चूक तुझी आणि मजुरी तिची कापायची?”

“तुम्ही कशाला मनस्ताप करून घेता? आता मजेत राहा की. हवं तर आमच्याकडे मानद सल्लागार म्हणून या.”

“मानद गेलं खड्ड्यात. साधी प्रोग्रामर म्हणून घे. तक्रारी येतात ते काम दे. तुझ्याकडे ते कुणालाच नको असेल.”

ते खरंच कुणाला नको होतं. शंतनुनं तिला घेतलं. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून कावेरी कामाला लागली. आपल्या निम्म्या वयाच्या पोरांशी तिची रोज जुंपायची. अखेर डोळे मिचकावण्याऐवजी मान वळवली तरी चालेल, अशी सोय झाली. ‘गैरहजर’ जाऊन ‘ओळखता आलं नाही’ आलं.

तोवर चांगुणाबाई जिनिंग सोडून सोनपेठला लेकीकडे निघून गेली होती. कावेरी एसटीनं तिकडं गेली. म्हातारी शेतातल्या कापूस वेचणीवरून नुकतीच आली होती.

“मावशी, मशीन सुधारलं. चला परत.”

“मशीन सुधरलं, बरं झालं. अन् मुकादम? वीस वर्सं त्यानं माझं तोंड बघितलं. मशीन न्हाई म्हणलं, तर ह्यो बी न्हाई म्हणला. त्याला काय डोळे नव्हते? मी न्हाई येत, माय.”

परतीच्या एसटीत कावेरी खिडकीची दांडी धरून धुमसत राहिली. घरी आल्याबरोबर तिनं शंतनुला फोन केला. मशीन अडलं तर मुकादमानं स्वतः बघून, स्वतःचं नाव घालून ‘ही आली आहे’ असं नोंदवायचं, अशी सोय तिला हवी होती. जिनिंगच्या मालकांना हे आवडणार नाही, असं शंतनुचं म्हणणं. फोनवर फोन झाले, आवाज चढले. शेवटी सोय आली, पण मालकानं सुरू केली तरच सुरू होणारी.

हरिओमशेठनी ती अजून सुरू केलेली नाही. कावेरी दर सोमवारी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसते. चहा येतो, तो ती पीत नाही.