आपण यांना ओळखत असाल

माझी धाकटी बहीण आज कुठे आहे, ते मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही. आणि माहीत नाही तेच बरं, असं आम्हा दोघींना रोज स्वतःला बजावावं लागतं. कोणावर अशी पाळी यावी, सांगा!

तिचा नवरा दारू पिऊन मारायचा नाही, बरं का. शुद्धीत मारायचा. आम्ही बैठका बसवल्या. चार मोठी माणसं आली, चहा प्याली, "संसारात होते असं" म्हणून उठून गेली. एका सकाळी ती पोरीला घेऊन एसटीत बसली, ती थेट नागपूर. तिथं शिवणकामाच्या एका दुकानात तिला काम मिळालं, मागच्याच गल्लीत खोली मिळाली. जुना नंबर फेकून दिला. नवा नंबर दोघींकडेच होता, माझ्याकडे आणि आईकडे.

आईनं तो मोबाईलमध्ये 'चक्की' या नावानं ठेवला. आमच्या आसगावकडच्या गावांत लपवायचा नंबर असाच ठेवतात. मोबाईल घरात एक, हात दहा. कोणी उचलला तरी दळणाचा नंबर समजून पुढे जाईल. आई दुपारी जेवण आटोपलं की 'चक्की'ला फोन लावायची आणि नातीला विचारायची, "काय खाल्लं वो माय?" त्या दोन वर्षांत तिचं नाव आईच्या तोंडून बाहेर कोणी ऐकलं नाही. सोयऱ्यांनी खोदून खोदून विचारलं, जावई दारात येऊन ओरडून गेला, पण आई बधली नाही.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी, जावई, सोयरेधायरे सगळे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. आणि मंडईच्या दिवशी दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. पाणी मागितलं, चहा मागितला, टेकायला जागा मागितली, काहीही मागो, हो म्हणायचं. आईचं अख्खं आयुष्य तसंच गेलं. यंदाच्या मंडईच्या दिवशी शेजारची काकू तिला म्हणाली, एका ॲपवर मंडईचे व्हिडिओ येऊन राहिले, टाकून घे. आईनं घेतलं. मी चुलीपाशी वडे तळत होते. ओसरीवरून आईचा आवाज आला, "पाय ना बापा, आमच्याइथं कायचं लपवायचं हाय!" मला वाटलं, पाहुणा आला कोणी. मी चहाचं आधण ठेवलं.

पाहुणा कसला! ॲपनं विचारलं होतं, तुमचे संपर्क पाहू का, आणि आईनं त्याला हो म्हटलं होतं.

पुढचं मला पवनीच्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्या माणसानं समजावून सांगितलं, तेही सगळं होऊन गेल्यावर. 'चक्की' हे नाव माणसांना फसवतं. ॲप नंबर पाहतं. आईच्या मोबाईलमध्ये बहिणीचा नंबर होता, आणि तिच्या नणंदेचाही होता, लग्नाच्या वेळचा. बहिणीनं शिवलेल्या ब्लाऊजचे फोटो टाकायला त्याच ॲपवर खातं उघडलं होतं. नाव भलतंच, पण नंबर तोच, आणि फोटोत ती स्वतः मशीनवर बसलेली, मागे दुकानाची पाटी. ॲपनं जुळवाजुळव केली. नणंदेच्या मोबाईलवर माझ्या बहिणीचा चेहरा आला, आणि वर लिहिलेलं, 'आपण यांना ओळखत असाल.'

ओळखत असाल! कोणी विचारलं होतं तुम्हाला? कोणाची कोणाशी ओळख काढून द्यावी, एवढी काळजी आमच्या गावच्या लग्न जुळवणाऱ्यालाही असते. तो निदान घराणं विचारतो.

नणंदेनं ते भावाला दाखवलं. पाटीवरून पत्ता काढून बहिणीचा नवरा नागपूरला पोचला, पण दुकानात गेला नाही. पोरीच्या शाळेच्या फाटकाशी गेला. बहीण पोरीला घ्यायला पोचली तेव्हा पोरीचा हात त्याच्या हातात होता, पोरीच्या दुसऱ्या हातात चॉकलेट होतं आणि तिचा फ्रॉक ओला झाला होता. बहीण ओरडली. लोक जमले. तो शांतपणे म्हणाला, "माझी बायको आहे, माझी मुलगी आहे." लोक मागे सरले. शाळेतल्या एका बाईंनी फाटक उघडून दोघींना आत ओढलं म्हणून त्या वाचल्या.

त्याच संध्याकाळी तिनं खोली सोडली. मला कोणाच्या तरी मोबाईलवरून फोन केला.

"ताई, नवा नंबर मी आता कोणालेच देत नाही. तुलेबी नाही."

"अवो, पण मी कोणाले सांगून राहिली?"

"तू नाही सांगणार. आईनंबी नाही सांगतलं. तरी झालंच ना?" ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. "आईले सांगजो, आम्ही बऱ्या आहोत. रागावू नको, ताई."

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंपनीचं ऑफिस कुठं आहे?" मला काय माहीत कुठं आहे! पवनीच्या त्या मोबाईलच्या दुकानदाराच्या मदतीनं ॲपच्या कंपनीलाही कळवलं. उत्तर लगेच आलं, 'आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' टीव्हीवर याच विषयावर टाय घातलेली माणसं भांडत होती, तेव्हा मी इतक्या जोरात बटण दाबलं की रिमोट बिघडला. आग लागो त्या महत्त्वाला.

नणंदेनं आईला फोन करून ऐकवलं होतं, "तुम्ही लपवा, आम्हाले मोबाईलनंच दाखवली." ते आपल्याच मोबाईलमधून गेलं, हे आईला दुकानदाराकडून कळलं. तेव्हापासून ती एकच म्हणते, "माझ्या तोंडून तिचं नाव नाही निघालं वो." मला माहीत आहे, नाही निघालं. पण ते सांगूनही तिचं समाधान होत नाही.

परवा गेले तर आई ओसरीवर तेच ॲप उघडून बसली होती. अनोळखी चेहरे एकामागून एक बोटानं वर सरकवत होती. पदरानं काच पुसून पुन्हा पाहत होती.

"काय पाहून राहिली, आई?"

"तिले." तिनं मान वर केली नाही. "त्याले दाखवली ना यानं. मग मले काहून नाही दाखवत? मी तर माय हावो तिची."

मी तिच्याजवळ बसले. खोटं बोलावंसं वाटलं, पण आता खोटं बोलून चालणार नव्हतं.

"आई, तुले दाखवली तर पुन्हा त्यालेबी दाखवंल."

तिचं बोट थांबलं. काचेवर कोणा परक्या बाईचा हसरा फोटो तसाच राहिला. आईनं मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

"मग काढून टाक ते यातून," ती म्हणाली. "नको दिसू दे मले."

मी काढून टाकलं. आई तोंडाला पदर लावून रडत बसली, आणि तिला रडू नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.